कॅम्पर व्हॅनची दुसरी बॅटरी : अल्टरनेटर, सौरऊर्जा आणि रूढ गैरसमज

ब्रिटनमध्ये आणि युरोपात प्रवास व मुक्काम या दोन्हींसाठी वापरल्या जाणाऱ्या कॅम्पर व्हॅनमध्ये साधारणतः दोन बॅटऱ्या असतात. पहिली इंजिन सुरू करणारी स्टार्टर बॅटरी. दुसरी, जिला तेथे ‘लीझर बॅटरी’ म्हणतात, ती गाडी उभी असताना दिवे, फ्रीज, पाण्याचा पंप आणि डिझेल हीटरचा पंखा यांना वीज पुरवते. ही दुसरी बॅटरी प्रवासात इंजिनाला जोडलेल्या अल्टरनेटरवर, म्हणजे पट्ट्याने फिरणाऱ्या वीजजनित्रावर, आणि मुक्कामी छपरावरील सौर पॅनेलवर चार्ज होते. एवढे वर्णन बरोबर असले, तरी दिवसा तासभर गाडी चालली आणि थोडे ऊन पडले की रात्री बॅटरी भरलेली असणारच, ही त्यावरून बांधली जाणारी अपेक्षा बहुतेक वेळा फसते. तिच्या मुळाशी बॅटरीला पाण्याची टाकी मानण्याची सवय आहे. नळ जितका मोठा, तितकी टाकी लवकर भरते, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात बॅटरीत वीज साठवली जात नसून रासायनिक बदल घडवला जातो, आणि तो किती वेगाने घडेल हे चार्ज करणाऱ्या साधनापेक्षा बॅटरी स्वतः आणि तिच्या टोकांशी पोचलेला विद्युतदाब अधिक ठरवतात.

शिसे-आम्ल बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लान्ते यांनी १८५९ मध्ये तयार केली, आणि तिच्यातील मूळ प्रक्रिया आजही तीच आहे. वीज वापरली जात असताना दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर शिशाचे सल्फेट तयार होते आणि चार्जिंगमध्ये ते पुन्हा विरघळते. बॅटरी निम्मी रिकामी असताना हा उलट बदल वेगाने होतो आणि ती भरपूर प्रवाह स्वीकारते. परंतु ती सुमारे ८० टक्क्यांपर्यंत भरली की प्लेटांच्या आतल्या थरांपर्यंत बदल पोचण्यास वेळ लागू लागतो, म्हणून दाब १४.४ व्होल्टच्या आसपास स्थिर ठेवूनही प्रवाह हळूहळू घटत जातो. पहिल्या टप्प्याला ‘बल्क’, दुसऱ्याला ‘अॅब्सॉर्प्शन’ आणि पूर्ण भरलेली बॅटरी १३.५ ते १३.८ व्होल्टवर नुसती राखण्याच्या तिसऱ्या टप्प्याला ‘फ्लोट’ म्हणतात. शंभर अँपिअर-तासांची निम्मी रिकामी बॅटरी दीड-दोन तासांच्या प्रवासात ८० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. उरलेल्या २० टक्क्यांना मात्र आणखी चार-पाच तास लागतात, आणि अल्टरनेटर कितीही मोठा बसवला तरी हा वेळ फारसा घटत नाही. हा शेवटचा भाग वारंवार अपुरा राहिला की सल्फेटचे स्फटिक कठीण होतात, विरघळेनासे होतात आणि बॅटरीची क्षमता कायमची कमी होते. ‘रोज गाडी चालते, तरी बॅटरी दोन वर्षांत गेली’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

बारा व्होल्टची कोणतीही बॅटरी या कामाला चालते, हाही समज खरा नाही. स्टार्टर बॅटरीच्या प्लेटा पातळ आणि संख्येने जास्त असतात, कारण तिला काही सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे असतात. तास न् तास थोडा थोडा प्रवाह देऊन खोलवर रिकामे होणे तिला सोसत नाही. महाराष्ट्रात भारनियमनाच्या काळात घरोघरी आलेल्या इन्व्हर्टरला गाडीची बॅटरी न जोडता ट्युब्युलर बॅटरी जोडतात, त्याचे कारणही हेच आहे. अर्थात झाकणावर ‘लीझर’ लिहिले म्हणजे आतील प्लेटा जाड आहेत असे होत नाही. ब्रिटनच्या नॅशनल कॅरॅव्हॅन कौन्सिलला अशा बॅटऱ्यांची पडताळणी करून गटवारी देणारी योजना आणावी लागली, ती या प्रश्नामुळेच.

आता अल्टरनेटरकडे वळता येईल. त्यावर १५० अँपिअर असे लिहिलेले असले म्हणजे बॅटरीला १५० अँपिअर मिळतात, असे मानले जाते. पण तो आकडा अल्टरनेटरची कमाल क्षमता सांगतो, आणि त्यातील मोठा वाटा गाडीचे दिवे, इंधनपंप, पंखे व इंजिनाचे संगणकीय नियंत्रण घेतात. उरलेल्यापैकी किती प्रवाह लीझर बॅटरीकडे जाईल हे मधल्या वायरवर अवलंबून असते, आणि सर्वाधिक दुर्लक्ष याच वायरकडे होते. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. व्हॅनच्या पुढच्या भागापासून मागे ठेवलेल्या बॅटरीपर्यंत सहा मीटर अंतर धरले, तर जाण्याची व येण्याची मिळून बारा मीटर वायर होते. ही वायर सहा चौरस मिलिमीटरची असेल तर तिचा रोध सुमारे ०.०३४ ओहम, आणि तीस अँपिअर वाहत असताना तिच्यातच एक व्होल्टहून अधिक दाब खर्ची पडतो. म्हणजे अल्टरनेटर १४.४ व्होल्ट देत असला, तरी बॅटरीपाशी १३.४ पोचतात. वायर सोळा चौरस मिलिमीटरची घेतली, तर हीच घट ०.४ व्होल्टच्या आत येते. एक व्होल्ट ऐकायला क्षुल्लक वाटतो. परंतु बॅटरीचा स्थिर दाब आणि चार्जिंगचा दाब यांतले सगळे अंतरच दीड-दोन व्होल्टचे असल्याने, त्या एका व्होल्टसोबत चार्जिंगचा बहुतेक वेग निघून जातो. ‘वायर गरम होत नाही, म्हणजे पुरेशी जाड आहे’ हा निकष आगीच्या धोक्यापुरता उपयोगी आहे, चार्जिंगसाठी नाही. या वायरला दोन्ही बॅटऱ्यांच्या निकट एकेक फ्यूज असणेही आवश्यक आहे, कारण वायर कोठे घासून पत्र्याला टेकली तर ती दोन्हीकडून पेट घेऊ शकते. एकाच टोकाला फ्यूज लावून काम भागते, ही समजूत अत्यंत धोक्याची आहे.

जुन्या व्हॅनमध्ये दोन बॅटऱ्यांच्या मध्ये एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, असे. इंजिन चालू असताना तो दोघींना जोडी आणि बंद झाल्यावर तोडी, जेणेकरून रात्रभर चाललेल्या फ्रीजमुळे सकाळी इंजिन सुरू होणे अडू नये. दाब साधारण १३.३ व्होल्टच्या वर गेला की जोडणारा आणि १२.८ च्या आसपास उतरला की तोडणारा रिले अनेक वर्षे समाधानकारक ठरला, कारण तेव्हाचे अल्टरनेटर सतत १४ व्होल्टहून थोडा अधिक दाब देत. हाच अनुभव पुढे नियम म्हणून सांगितला जाऊ लागला, आणि येथे परिस्थिती बदलली. इंधन वाचवण्यासाठी उत्पादकांनी अल्टरनेटरचे नियंत्रण इंजिनाच्या संगणकाकडे दिले. असा ‘स्मार्ट’ अल्टरनेटर उतारावर किंवा वेग कमी होताना दाब १५ व्होल्टपर्यंत चढवून गाडीच्या गतीतील वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत घेतो. सपाट रस्त्यावर मात्र तो दाब साडेबारा व्होल्टच्या जवळ आणून जवळजवळ विश्रांती घेतो, आणि पुढच्या उताराला जागा राहावी म्हणून स्टार्टर बॅटरी मुद्दाम पूर्ण भरत नाही. अशा गाडीत दाबावर चालणारा रिले वारंवार तुटतो. इंजिन चालू असल्याच्या संकेतावर चालणारा रिले तर जोडलेलाच राहतो, आणि तासभर महामार्गावर धावताना लीझर बॅटरी चार्ज होण्याऐवजी स्टार्टर बॅटरीकडे रिकामी होत जाते.

२०१५-१६ च्या सुमारास व्हॅनना युरो ६ हे प्रदूषणनिकष लागू झाले, तेव्हापासून प्रत्येक व्हॅनमध्ये असाच अल्टरनेटर असतो, असे सर्रास सांगितले जाते. तेही पूर्ण खरे नाही. निकषांत अल्टरनेटरच्या प्रकाराची सक्ती नाही. काही युरो ६ गाड्यांत जुन्या पद्धतीचा अल्टरनेटर आढळतो, तर काही युरो ५ गाड्यांतही स्मार्ट प्रकार होता. गाडीच्या कागदपत्रांवरून अंदाज करण्यापेक्षा, इंजिन गरम झाल्यावर चालत्या गाडीत स्टार्टर बॅटरीवरील दाब वेगवेगळ्या वेगांना मोजून पाहणे हीच खात्रीची रीत आहे. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष आले असून येथील काही गाड्यांतही असे अल्टरनेटर आहेत, त्यामुळे टेम्पो-ट्रॅव्हलरसारख्या गाडीचे कॅम्परमध्ये रूपांतर करणाऱ्यांनाही ही मोजणी टाळता येणार नाही.

यावर उपाय म्हणून बॅटरी-टू-बॅटरी चार्जर वापरतात. मिळेल तो दाब घेऊन तो लीझर बॅटरीला हव्या त्या दाबात बदलणारे हे उपकरण आहे. ते ‘जास्त वीज निर्माण करते’ असा समज आहे, पण साडेबारा व्होल्ट घेऊन साडेचौदा व्होल्ट देताना त्याने आत घेतलेला प्रवाह बाहेर दिलेल्या प्रवाहाहून अधिक असावाच लागतो. तीस अँपिअरचा चार्जर स्टार्टर बॅटरीच्या बाजूने चाळीसच्या आसपास अँपिअर ओढू शकतो, आणि तिकडची वायर त्या हिशेबाने जाड घ्यावी लागते. त्याचे खरे मोल हे की वायरीतली घट तो भरून काढतो, चार्जिंगचे तिन्ही टप्पे पाळतो आणि ओढला जाणारा प्रवाह मर्यादेत ठेवतो. ही मर्यादा लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीसाठी विशेष महत्त्वाची आहे. या बॅटरीचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की ती साध्या रिलेने जोडल्यास अल्टरनेटरला बराच काळ कमाल क्षमतेवर राबवते, आणि इंजिन मंद फिरत असताना अल्टरनेटरचा स्वतःचा पंखाही मंद असल्याने तो जळण्याची वेळ येते. त्यातच बॅटरीतील संरक्षक मंडलाने चार्जिंग अचानक तोडले, तर उसळणारा दाब अल्टरनेटरचे डायोड निकामी करू शकतो. म्हणून जुनी शिसे-आम्ल बॅटरी काढून त्याच जागी त्याच वायरींवर लिथियम बसवता येते, हे विक्रेत्यांचे आश्वासन सावधपणे घ्यावे. शून्य अंश सेल्सिअसखाली ही बॅटरी चार्ज केल्यास आत धातुरूप लिथियम साचून कायमचे नुकसान होते, ही गोष्ट स्कॉटलंडच्या हिवाळ्यात नुसती पुस्तकी राहत नाही.

गाडी उभी करून इंजिन नुसते चालू ठेवले की बॅटरी भरते, हा समज अल्टरनेटर, इंधन आणि शेजारी या तिघांनाही महाग पडतो. मंद गतीत अल्टरनेटर त्याच्या क्षमतेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत प्रवाह देतो, आणि वर पाहिल्याप्रमाणे बॅटरीच्या शेवटच्या पाचव्या हिश्श्याला तासचे तास लागतात. ब्रिटनच्या हायवे कोडमधील नियम १२३ नुसार सार्वजनिक रस्त्यावर उभ्या वाहनाचे इंजिन विनाकारण चालू ठेवण्यास मनाईही आहे.

सौर पॅनेलच्या बाबतीत गैरसमजाची सुरुवात त्याच्या वॉटच्या आकड्यापासून होते. शंभर वॉट ही क्षमता प्रयोगशाळेतील प्रमाणित स्थितीची असते, ज्यात दर चौरस मीटरला १००० वॉट प्रकाश पॅनेलवर सरळ पडतो आणि आतील सेलचे तापमान २५ अंश असते. व्हॅनच्या छपरावर पॅनेल सपाट पडलेले असते, म्हणून सूर्य जितका खाली तितका प्रकाश तिरपा. लंडन ५१.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी तेथे सूर्य क्षितिजापासून १५ अंशच वर येतो आणि सपाट पॅनेलला सरळ पडणाऱ्या प्रकाशाचा जेमतेम चौथा हिस्सा मिळतो. त्याच दिवशी पुण्यात सूर्य ४८ अंशांवर असतो आणि हा हिस्सा तीन चतुर्थांशाजवळ जातो. ढगांचा हिशेब धरता लंडनमध्ये सपाट पृष्ठभागावर दिवसाला सरासरी डिसेंबरात अर्धा, तर जूनमध्ये पाच किलोवॉट-तासांच्या आसपास ऊर्जा दर चौरस मीटरला पडते. म्हणजे जूनमध्ये फ्रीजचा दिवसाचा तीसएक अँपिअर-तासांचा खर्च भागवणारे शंभर वॉटचे पॅनेल डिसेंबरात तीन-चार अँपिअर-तासांवर येते. पॅनेल पुरेसे आहे का, या प्रश्नाला महिना आणि अक्षांश सांगितल्याविना उत्तरच नाही.

ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, असेही मानले जाते. प्रकाशाच्या बाबतीत ते खरे आहे, उष्णतेच्या बाबतीत नाही. सिलिकॉन सेलचे उत्पादन प्रत्येक वाढत्या अंशामागे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते, म्हणून पॅनेल आणि छप्पर यांमध्ये हवा खेळती ठेवणे लाभाचे असते. सावलीचा परिणाम तर अनेकांना अविश्वसनीय वाटतो. पॅनेलमधील सेल एकामागून एक जोडलेले असल्याने छपरावरील खिडकीच्या झाकणाची किंवा अँटेनाची लहानशी सावली एखाद्या सेलवर पडली, तरी त्या साखळीचा प्रवाह अडतो; बायपास डायोड उरलेला भाग वाचवतात, पण गेलेला हिस्सा सावलीच्या आकारापेक्षा बराच मोठा असतो. पॅनेल आणि बॅटरी यांमध्ये नियंत्रक लागतोच. साधा, पीडब्ल्यूएम प्रकारचा नियंत्रक पॅनेलला बॅटरीच्या दाबावर ओढतो, त्यामुळे १८ व्होल्ट व साडेपाच अँपिअर देणाऱ्या शंभर वॉटच्या पॅनेलमधून बॅटरीला सत्तर वॉटच्या आसपास मिळतात; एमपीपीटी प्रकारचा नियंत्रक वरच्या व्होल्टचे रूपांतर जादा प्रवाहात करतो. उष्ण पॅनेलचा दाब आधीच उतरलेला असल्याने हा फायदा कडक उन्हापेक्षा थंड व स्वच्छ दिवशी अधिक जाणवतो.

दोन स्रोत एकाच वेळी जोडले तर ते एकमेकांशी झगडतात, म्हणून एक बंद करणारा स्विच हवा, ही समजूत फार पसरलेली असली तरी निराधार आहे. दोन्ही चार्जर एकाच बॅटरीला समांतर जोडलेले असतात आणि बॅटरी घेऊ शकेल तोवर दोघांचे प्रवाह एकत्र होतात. बॅटरी भरत आली की ज्याने दाब वर ठेवला आहे तो पुरवठा करतो आणि दुसरा बॅटरी भरली असे समजून मागे सरतो. त्याच्या पडद्यावर तेव्हा शून्य दिसते, ते बिघाडाचे लक्षण नसते. खरी काळजी वेगळ्या ठिकाणी घ्यावी लागते. दोन्ही बाजूंचा दाब पाहणारा रिले सौर चार्जिंगने दाब वाढताच इंजिन बंद असतानाही दोन्ही बॅटऱ्या जोडतो. त्याचा लाभ स्टार्टर बॅटरीला होतो, पण हिवाळ्यातील तुटपुंजी सौरवीज तिकडेही वाटली जाते.

बॅटरी कितपत भरली आहे हे भिंतीवरच्या व्होल्टमीटरवर वाचता येते, हा विश्वास बहुधा सर्वांत शेवटी सुटतो. भरलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचा दाब १२.७ आणि निम्म्या भरलेलीचा १२.१ ते १२.२ व्होल्ट असतो, हे बरोबर आहे. पण हे आकडे बॅटरी काही तास वापराविना आणि चार्जिंगविना पडून राहिल्यानंतरचे आहेत. चार्जिंग नुकतेच थांबले असेल तर दाब खोटा वर दिसतो, फ्रीज चालू असेल तर खोटा खाली. लिथियमचा दाब तर बहुतेक वापरभर जवळपास सपाट राहतो. म्हणून शंटवर, म्हणजे बॅटरीच्या ऋण वायरीत बसवलेल्या अत्यल्प व अचूक रोधाच्या पट्टीवर, आत-बाहेर जाणारा प्रत्येक अँपिअर मोजणारे यंत्र लावणे श्रेयस्कर ठरते. सर्व वायरी शंटच्या भाराच्या बाजूला न जोडता एखादी थेट बॅटरीच्या ऋण टोकाला जोडली, तर तिचा प्रवाह मोजणीतून निसटतो आणि हिशेब रोज थोडा थोडा चुकत जातो.