भुरी कळीला येते

मुगाच्या कोवळ्या रोपावर भुरी, म्हणजे पानांवर पिठासारखी पसरणारी बुरशी, सहसा सापडत नाही. नायगावात आमच्या खिडकीच्या जाळीत मासळीवाल्याकडून आणलेला थर्माकोलचा खोका आहे. गणपती गेले की त्यात मी थोडे मूग टोकतो. आधी दोन साधी पानं येतात, मग तीन-तीन पर्णिकांची. महिनाभर सगळं हिरवंगार. कळी धरली की मात्र नजर खाली ठेवायची, बुडाजवळच्या पानांवर.

तिथे कुणी पिठाची चिमूट सांडावी तसा ठिपका दिसतो. बोटाने पुसला तर भुकटी बोटाला लागते आणि पान अजून हिरवंच असतं. बुरशी वर पसरलेली, फक्त तिची शोषकं आत रुतलेली. पुढे ठिपके एकमेकांत मिसळतात, पान पिवळं पडून गळतं. शेंड्याचं पान तेव्हाही स्वच्छ. रोप एकच, पानांची वयं निराळी. खालचं पान जुनं, दाटीतलं, वारा न लागणारं. बीजाणू झेलायला त्यालाच सर्वांत जास्त दिवस मिळालेले. त्यात शेंगा भरू लागल्या की रोप जुन्या पानांतलं सत्त्व दाण्यांकडे ओढतं.

भुरीला इतर बुरश्यांसारखं ओलं पान लागत नाही. जोराचा पाऊस उलट तिला धुऊन काढतो. दिवसा कोरडं आणि रात्री गारवा, दव, हे तिला मानवतं. जूनअखेर पेरलेला मूग ऑगस्टअखेर काढणीला येतो, म्हणून बराचसा सुटतो. उशिरा पेरलेला किंवा रब्बीतला मूग ऐन कळीत सापडतो. खरं नुकसान तिथे. शेंगा काळ्या पडू लागल्यावर पानं पांढरी झाली तर फवारणी म्हणजे पैसे पाण्यात. कळीच्या वेळी पहिले ठिपके दिसले, तर 10 लिटर पाण्यात 25 ग्रॅम पाण्यात मिसळणारं गंधक, आणि तेही उन्हं उतरल्यावर.

यावर एक उत्तर आमच्या मुंबईतच निघालं. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर ‘टार्म’ नावाचे भुरीला दाद न देणारे मूग तयार केले. नावातला ‘टा’ ट्रॉम्बे-अकोल्याचाच. पीक कळीत असताना भुरीची हवा आली तरी ते तग धरतात.

भुरी जुन्या पानापासून सुरू होते, घेवड्यावरच्या तांबेरा रोगाचं मात्र वेगळं. त्याला अजून पसरत असलेलं कोवळं पान जास्त बळी पडतं, पुरतं वाढलेलं पान बऱ्यापैकी टिकतं. त्यामुळे घेवडा लावला की मी शेंड्याकडून खाली बघत येतो.