‘कुणाकडं निघालात, वहिनी?’

आमच्या कळस परिसरात एखादी बाई सायकलवरून निघाली, की पहिल्या वळणावरच कुणीतरी विचारतं, ‘कुणाकडं निघालात, वहिनी?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. डेअरी, दवाखाना, रानात डबा, माहेर, बचत गटाची बैठक, यांतलं काहीही सांगितलं की त्याचं समाधान होतं. पण ‘कुठं नाही, सहज माळावरून चक्कर मारून येते’ असं सांगून पाहा! समोरचा आधी आपल्याकडं बघतो आणि मग आपल्या घराच्या दिशेनं. घरात काही बिनसलं तर नाही ना?

पुरुषमाणूस ‘जरा जाऊन येतो’ म्हणून बाहेर पडतो. कुठं, कशाला, कुणी विचारत नाही. बाईच्या बाहेर पडण्याला मात्र काम लागतं, आणि तेही घरातल्या दुसऱ्या कुणाचं तरी. म्हणूनच केवळ जायचं म्हणून एकट्यानं सायकलवर निघणाऱ्या बायकांबद्दल मला फार कुतूहल वाटतं.

पुण्याची वेदांगी कुलकर्णी जुलै २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातून निघाली, तेव्हा ती जेमतेम विशीची होती. चौदा देश, १५९ दिवस आणि २९ हजार किलोमीटर! डिसेंबरमध्ये कोलकात्यात तिचं हे अंतर पूर्ण झालं. बहुतेक प्रवास तिनं एकटीनं केला, सगळं सामान सायकललाच लादून. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकूच्या धाकानं लुटलं गेलं, रशियात बर्फात रात्री काढाव्या लागल्या. हे सगळं वर्तमानपत्रांत आलं. मला मात्र तिच्या प्रवासातला, ज्याची बातमी होत नाही, असा एखादा साधा दिवस जास्त विचार करायला लावतो.

पर्थहून पूर्वेकडं निघालं की नलारबोर नावाचं अफाट मैदान ओलांडावं लागतं. नावाचा अर्थच ‘एकही झाड नाही’ असा. तिथल्या महामार्गावर सुमारे १४६ किलोमीटरचा एक पट्टा आहे, ज्यात एकही वळण नाही. आपण बारामतीहून इंदापूरला जाऊन परत आलो, तरी तो सरळ रस्ता संपायचा नाही! मध्ये गाव नाही, टपरी नाही. पाणी आणि खाणं मिळण्याची ठिकाणं कित्येक किलोमीटर अंतरावर.

घाटात निदान समजतं, की हे वळण संपलं, आता उतार लागेल. मैदानात तसं काही नसतं. तासभर पॅडल मारलं तरी समोरचं दृश्य तेच. त्यात वारा तोंडावर असला, तर सपाट रस्ताही चढासारखा वाटतो. अशा ठिकाणी ताकदीपेक्षा हिशोब उपयोगी पडतो. पाणी किती उरलंय, पुढचा थांबा किती लांब, ऊन किती वाजता डोक्यावर येईल, अंधाराच्या आत पोचू का? वेदांगीची सरासरी काढली, तर रोजचे १८० किलोमीटर होतात. एवढं अंतर रोज कापायचं, तर हा हिशोब रोज जुळावा लागतो.

आणि मैत्रिणींनो, हिशोब आपल्याला नवा आहे का? महिन्याचा किराणा पुरवणं, टँकर येईपर्यंत पाणी जपून वापरणं, एसटीच्या वेळेवर स्वयंपाक उरकणं, हे आपण वर्षानुवर्षं करत आलोय. मैदान पार करायला जी अक्कल लागते, ती आपल्याकडं भरपूर आहे. आपल्याकडं नसतो तो एक अख्खा दिवस, स्वतःचा म्हणता येईल असा.

‘ती तरुण, बिनलग्नाची पोर, आमचं कसं जमायचं?’ असं कुणी म्हणेल. तर पुण्याच्याच प्रीती मस्के बघा. दोन मुलांची आई. आजारपण आणि नैराश्य यांतून बाहेर पडण्यासाठी चाळिशीत त्यांनी सायकल हातात घेतली. जून २०२२ मध्ये लेह ते मनाली हे सुमारे ४३० किलोमीटरचं डोंगरी अंतर त्यांनी ५५ तास १३ मिनिटांत पार केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गुजरातच्या कोटेश्वरहून निघून, उत्तर प्रदेश-बिहारची मैदानं ओलांडत, अरुणाचलमधल्या किबिथूला त्या चौदा दिवसांच्या आत पोचल्या. जवळजवळ चार हजार किलोमीटर! त्यांच्याबरोबर मदतीची माणसं होती, पण पॅडल शेवटी त्यांनाच मारायचं होतं.

आयर्लंडच्या डर्व्हला मर्फीची गोष्ट तर आपल्या घरातली वाटावी अशी. दहाव्या वाढदिवसाला तिला एक जुनी सायकल आणि नकाशांचं पुस्तक मिळालं, आणि सायकलवर भारतात जायचं असं तिनं तेव्हाच ठरवून टाकलं. पण आई संधिवातानं अंथरुणाला खिळलेली. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि पुढची वर्षं आईच्या सेवेत गेली. आई १९६२ मध्ये गेली. जानेवारी १९६३ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ही बाई सायकल घेऊन निघाली ती इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान पार करत दिल्लीला पोचली. एकवीस वर्षं तिनं ही इच्छा मरू दिली नाही. आपल्यापैकी किती जणींच्या इच्छा अशा ट्रंकेच्या तळाशी पडून असतील?

आता आपल्या माळाकडं येऊ. ऊस आणि कालव्याचा भाग सोडला, की आपल्याकडंही मोकळा माळ आहेच. कडबनवाडीच्या गवताळ रानात चिंकारा दिसतात, लांडगेही आहेत. भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. ते पाहायला लांबून माणसं गाड्या करून येतात, आणि उशाशी राहणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणींनी ते पाहिलेले नसतात.

पहिल्याच दिवशी शंभर किलोमीटर कुणी करायला सांगत नाही. साध्या सायकलवर तासाला बारा-तेरा किलोमीटर होतात. म्हणजे तीस-चाळीस किलोमीटरला विश्रांती धरून अर्धा दिवस पुरतो. सीटची उंची आधी तपासा. पॅडल खाली असताना त्यावर टाच ठेवली, की पाय सरळ व्हायला हवा. आपल्या बहुतेकींच्या सीटा फार खाली असतात आणि मग गुडघे दुखले की वयावर खापर! ओढणी, साडीचा काठ चाकात जाणार नाही असा खोचा. माळावर बाभळीचे काटे आणि सराटे ठरलेलेच, म्हणून पंक्चरचं सामान आणि हातपंप जवळ असू द्या, आणि पंक्चर काढायला घरीच शिका.

उजाडताच निघा. आषाढ-श्रावणात आपल्याकडं पश्चिमेचा वारा जोरात असतो. तेव्हा जाताना वारा तोंडावर घ्या, म्हणजे दमल्यावर येताना तो पाठीशी राहतो. गूळ-शेंगदाण्याचे लाडू, केळी, दशमी आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी सोबत हवंच. ‘वाटेत जायला जागा नाही’ म्हणून पाणीच न पिण्याची आपली जुनी खोड मात्र सोडा. त्यानं ऊनही लागतं आणि लघवीचे आजारही होतात. पेट्रोल पंप, एसटी स्टँड, ओळखीचं घर, असे थांबे आधीच हेरून ठेवा. गळीत हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्यांपासून लांब राहा, सायकलला मागे लाल रिफ्लेक्टर लावा. कुठून कुठं जाणार हे घरी एकाला तरी सांगा. फोन चार्ज असू द्या, आणि अडचण आलीच तर ११२ नंबर आहे.

हे सारं हौसेपुरतं आहे असं कुणाला वाटेल, म्हणून सांगते. बिहार सरकारनं २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. अभ्यासकांनी पाहिलं, तर माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी वाढलं होतं, आणि मुख्यतः शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत. त्याआधी, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरतेच्या मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी त्याला बळ दिलं. तीन किलोमीटरचं अंतर आपल्या वस्त्यांवरच्या मुलींना काय नवं आहे? पण घरात एकच सायकल असली, तर ती आधी कुणाच्या हातात जाते, हे आपल्या घरात डोकावून बघा. आईला सायकलवर लांब जाताना पाहिलेल्या मुलीला सायकल मागायला तोंड राहतं.

आपल्या भागाला बायकांचं लांब जाणं काही परकं नाही. दरवर्षी तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. बेलवाडीच्या रिंगणात डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका धावतात. देहूपासून पंढरपूरपर्यंत त्या पायी जातात आणि त्यांना ‘कशाला निघालात?’ असं कुणी विचारत नाही. उलट लोक पाया पडतात, पाणी देतात. म्हणजे बाई घराबाहेर दूर गेली की बिघडतं, असं आपल्या माणसांना मनातून वाटत नाही. त्यांना फक्त कारण पटावं लागतं.

तेव्हा येत्या रविवारी सकाळचा स्वयंपाक घरातल्या कुणाला तरी सोपवा, चाकात हवा भरा आणि निघा. वळणावर कुणी विचारलंच, ‘कुणाकडं निघालात, वहिनी?’ तर हसून सांगा, ‘कुणाकडं नाही, भाऊजी. माझी मीच निघालेय.’