एका परदेशी खेळाडूची जागा

1966 सालच्या विश्वचषक स्पर्धेत, 19 जुलै रोजी मिडल्झब्रोच्या मैदानावर उत्तर कोरियाने इटलीचा एका गोलने पराभव केला आणि मायदेशी परतलेल्या संघाचे जेनोआच्या विमानतळावर टोमॅटोंचा मारा करून स्वागत झाले. पराभवाची कारणमीमांसा करताना स्वतःकडे बोट दाखविण्याची रीत फुटबॉलच्या कारभाऱ्यांमध्ये फारशी नसते. सबब परदेशी खेळाडूंमुळे देशी गुणांची वाढ खुंटली असा निष्कर्ष काढून इटलीच्या महासंघाने नव्या परदेशी खेळाडूंना आपल्या क्लबांची दारे बंद केली. ही बंदी तब्बल चौदा वर्षे अमलात होती. ती लागू झाली तेव्हा डब्लिनच्या उत्तर भागात दहा वर्षांचा एक मुलगा डाव्या पायाने चेंडू खेळवीत होता, आणि ती उठली तेव्हा तोच मुलगा, लिअम ब्रेडी, युरोपातील अग्रगण्य मिडफिल्डरांपैकी एक म्हणून करारातून मोकळा होत होता.

सात भावंडांत धाकटा असलेल्या लिअमच्या घरी फुटबॉल वडिलोपार्जित इस्टेटीसारखा चालत आलेला होता. चुलत आजोबा आयर्लंडकडून खेळलेले, थोरले भाऊ रे आणि पॅट लंडनमधील क्लबांत व्यावसायिक खेळाडू. बाहेरचे वातावरण मात्र इतके अनुकूल नव्हते. फुटबॉल हा इंग्रजांचा खेळ, म्हणून तो खेळणाऱ्यास किंवा नुसता पाहणाऱ्यासही देशी खेळांची संघटना असलेल्या गेलिक ॲथलेटिक असोसिएशनच्या सभासदत्वातून काढून टाकण्याचे कलम 1971 पर्यंत जारी होते. ते कलम रद्द झाले त्याच वर्षी पंधरा वर्षांचा ब्रेडी लंडनच्या आर्सेनल क्लबात उमेदवारीसाठी दाखल झाला. तेथे त्याला ‘चिपी’ हे नाव पडले. ते त्याच्या अलगद उचललेल्या फटक्यांवरून पडले असावे असे कोणीही मानील, पण प्रत्यक्षात ते तळलेल्या बटाट्याच्या चिप्सवरील त्याच्या प्रेमातून आले होते.

6 ऑक्टोबर 1973 रोजी बर्मिंगहॅम सिटीविरुद्ध बदली खेळाडू म्हणून प्रथम मैदानात उतरलेल्या या कृश अंगकाठीच्या मुलाने पुढील सात हंगामांत आर्सेनलसाठी 307 सामन्यांत 59 गोल केले. परंतु मधल्या फळीतील खेळाडूची थोरवी आकड्यांच्या खतावणीत मावत नाही. 23 डिसेंबर 1978 रोजी टॉटनहॅमच्याच मैदानावर आर्सेनलने पाच गोलांनी विजय मिळविला, त्यातील ब्रेडीचा गोल पाहावा. पेनल्टी क्षेत्राच्या कडेवर प्रतिस्पर्ध्याच्या पायातून त्याने चेंडू हिरावला, आणि विचाराला जणू वेळच न लागावा अशा सहजतेने डाव्या पायाच्या बाहेरील बाजूने असा फटका मारला की चेंडू वळत वळत दूरच्या वरच्या कोपऱ्यात शिरला. पुढील मे महिन्यात एफए चषकाच्या अंतिम सामन्यात दोन गोलांची आघाडी अखेरच्या काही मिनिटांत गमावून आर्सेनलचा संघ हबकून उभा असता, मोजे घोट्यापर्यंत घसरलेला ब्रेडी थकल्या पायांनी चेंडू घेऊन निघाला, त्याने तो डावीकडे ग्रॅहम रिक्सला दिला, आणि रिक्सच्या क्रॉसवर ॲलन संडरलंडने मँचेस्टर युनायटेडवर तिसरा, निर्णायक गोल चढविला. इतिहासात नाव संडरलंडचे लागले. त्या वर्षी इंग्लंडच्या व्यावसायिक खेळाडूंनी वर्षातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून मात्र ब्रेडीचीच निवड केली.

1980 च्या वसंतात चषकविजेत्यांच्या युरोपीय स्पर्धेत आर्सेनलने उपांत्य फेरीत युव्हेंटसला त्यांच्याच तुरिनमध्ये नमविले. ब्रसेल्समधील अंतिम सामना व्हॅलेन्सियाने पेनल्टींवर जिंकला. मारिओ केम्पेस आणि ब्रेडी या दोन्ही संघांच्या मानकऱ्यांनीच आपापली पहिली पेनल्टी वाया घालविली. त्याच उन्हाळ्यात इटलीने बंदी शिथिल केली. पण प्रत्येक क्लबास परदेशी खेळाडू एकच. रोमाने फाल्काओ घेतला, नापोलीने क्रोल, आणि युव्हेंटसने ब्रेडी. मुदत संपलेल्या खेळाडूचा मोबदला तत्कालीन युरोपीय नियमांनी मर्यादित ठेवल्यामुळे, वर्षभरापूर्वीच इंग्लंडात ट्रेव्हर फ्रान्सिससाठी दहा लाख पौंड मोजले गेले असताना, ब्रेडी पाच लाखांहून किंचित अधिक रकमेत तुरिनला गेला.

जोव्हान्नी त्रापात्तोनी यांच्या हाताखाली, दहा क्रमांकाचा पोशाख घालून, त्याने पहिल्याच हंगामात युव्हेंटसला अजिंक्यपद मिळवून दिले. दुसऱ्या हंगामाच्या उत्तरार्धात महासंघाने नवा हुकूम काढला, की आता प्रत्येक क्लबास दोन परदेशी ठेवता येतील. जागा वाढली म्हणजे ब्रेडी निश्चिंत झाला असे वाटावे. परंतु युव्हेंटसने दोन्ही जागांसाठी फ्रान्सचा मिशेल प्लातिनी आणि पोलंडचा बोनिएक यांच्याशी करार केले, आणि सामने शिल्लक असतानाच ब्रेडीला आपली पाठवणी कळली.

अशा स्थितीत 16 मे 1982 हा अखेरचा दिवस उगवला. युव्हेंटस आणि फिओरेंतीना यांचे गुण समान होते. फिओरेंतीना काल्यारीला, युव्हेंटस दक्षिणेत कातान्झारोला. काल्यारीत फिओरेंतीनाचा एक गोल पंचांनी अमान्य केला आणि तो सामना बरोबरीत सुटला; इकडे पंचाहत्तराव्या मिनिटास चेंडू हाताला लागल्याबद्दल युव्हेंटसला पेनल्टी मिळाली. ती मारण्याचे काम ब्रेडीकडेच असे. ज्या क्लबाने त्याची जागा दुसऱ्यास देऊन टाकली होती, त्याच क्लबाचे विसावे अजिंक्यपद, आणि इटालियन परंपरेनुसार वीस विजयांनंतर पोशाखावर मिळणारा दुसरा तारा, त्याच्या डाव्या पायावर येऊन ठेपला होता. त्याने गोल केला. याला औदार्य म्हणण्याचा मोह होतो. मला तो निव्वळ व्यवसायधर्म वाटतो, आणि म्हणूनच अधिक मोलाचा.

लवकरच इटलीत राष्ट्रीय संघाची तयारी सुरू झाली. झॉफ, शिरेआ, जेंतिले, काब्रिनी, तार्देल्ली आणि रोस्सी हे सहा युव्हेंटसवाले स्पेनहून विश्वचषक घेऊन परतले. ब्रेडी त्या स्पर्धेत नव्हताच. पात्रता फेरीत आयर्लंड आणि फ्रान्स यांचे गुण समान, केवळ गोलांच्या फरकावर फ्रान्स पुढे गेला. क्लबातील त्याची जागा आणि त्याच्या देशाची स्पर्धेतील जागा, दोन्ही ज्यांच्या वाट्याला गेल्या त्यांत प्लातिनी हे नाव सामाईक आहे.

त्यानंतर साम्पदोरिया, इंटर, अस्कोली आणि शेवटी लंडनचे वेस्ट हॅम. राष्ट्रीय संघात जॅक चार्ल्टन यांचे राज्य आले. चेंडू मधल्या फळीच्या डोक्यावरून थेट पुढे धाडण्याच्या त्यांच्या पद्धतीत चेंडू पायात खेळवणाऱ्या कलावंताला काम फारसे उरले नाही. तरीही 1988 च्या युरोपीय स्पर्धेच्या पात्रता सामन्यांत तो खेळला. बल्गेरियाविरुद्धच्या सामन्यात त्याला मैदानाबाहेर काढण्यात आले, पाठोपाठ निलंबन व दुखापत आली, आणि आयर्लंड प्रथमच मोठ्या स्पर्धेत उतरले ते त्याच्याविना. सप्टेंबर 1989 मध्ये पश्चिम जर्मनीविरुद्ध मध्यंतरापूर्वीच चार्ल्टननी त्याला बाहेर बोलाविले. 72 सामन्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तेथे जवळपास आटोपलीच. पुढच्या उन्हाळ्यात आयर्लंड विश्वचषकासाठी इटलीला गेले, ज्या देशात त्याने सात वर्षे काढली होती.

सेल्टिक आणि ब्रायटन येथील व्यवस्थापकपद त्याला फारसे लाभले नाही. 1996 मध्ये आर्सेनलने त्याची तरुण खेळाडूंच्या विभागाचा प्रमुख म्हणून नेमणूक केली आणि 2014 पर्यंत ती जबाबदारी त्याच्याकडे राहिली. ॲशली कोल आणि जॅक विल्शिअर हे याच कालखंडात तेथून वर आले. 2008 मध्ये त्रापात्तोनी आयर्लंडचे प्रशिक्षक झाले तेव्हा त्यांनी साहाय्यक म्हणून आपल्या जुन्या दहा क्रमांकाला बोलावून घेतले. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात पॅरिसमधील विश्वचषक पात्रता सामन्यात आयर्लंडविरुद्ध थिएरी आंरीच्या हाताला लागून पुढे गेलेल्या चेंडूवर फ्रान्सने गोल केला, पंचांनी तो मान्य केला, आणि विश्वचषकाची जागा पुन्हा एकदा फ्रान्सकडे गेली.