प्रोसेसर ओव्हरक्लॉक करताय? आधी उष्णतेचं गणित बघा!

गेम खेळताना फोन तापला की स्लो होतो ना? कॉम्प्युटरचंही तसंच आहे. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. त्यासाठी बऱ्याचदा व्होल्टेजही वाढवावं लागतं आणि खरी गडबड तिथेच होते, कारण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, वेग 4 वरून 4.5 गिगाहर्ट्झ केला आणि व्होल्टेज 1.2 वरून 1.35. वेग वाढला साडेबारा टक्के, उष्णता मात्र सुमारे 42 टक्के! कूलरला ती बाहेर टाकता आली नाही, तर 95-100 अंश सेल्सिअसच्या आसपास बरेच प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतात. म्हणजे सगळी मेहनत वाया! म्हणून चांगला कूलर बसवा, थर्मल पेस्ट नीट लावा आणि व्होल्टेज गरजेपुरतंच वाढवा.