विद्यानगरी आणि पाण्याची वाट

पुण्यास विद्येचें माहेरघर म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु माहेरीं आलेल्या मुलांस निजावयास जागा मिळेल कीं नाहीं, ही चिंता घरांतील वडील मंडळींनीं वाहावयाची असते. दरवर्षीं पावसाळ्याच्या तोंडाशीं लातूर, बीड, यवतमाळ, जळगांव अशा ठिकाणांहून मुलेंमुली आपापलें सामान घेऊन या शहरांत उतरतात, आणि ती चिंता शहराच्या दारीं येऊन उभी राहते.

विद्येस जागा देण्यांत पुण्यानें कधीं हात आंखडला नाहीं. १८८५ सालीं स्थापन झालेलें फर्ग्युसन कॉलेज पुढें टेंकडीच्या पायथ्याशीं स्थिरावलें. १९४९ सालीं विद्यापीठ निघालें, तेव्हां त्यास गणेशखिंडींतील गव्हर्नमेंट हाऊस व भोंवतालचा ४११ एकरांचा परिसर लाभला. परंतु वर्गास जागा देणें निराळें आणि विद्यार्थ्यास निवारा देणें निराळें. वसतिगृहांत ज्यांची सोय झाली नाहीं, त्यांनीं सदाशिव, नारायण या पेठांतील वाड्यांच्या खोल्या धरल्या. पुढें कित्येक वाडे पडून त्या जागीं इमारती उठल्या. एका खोलींत चार खाटा मांडावयाच्या आणि प्रत्येक खाटेचें भाडें वेगळें घ्यावयाचें, ही ‘कॉट बेसिस’ची पद्धत रूढ झाली. खोलींत वाचन होत नाहीं, म्हणून अभ्यासिकेचे पैसे निराळे.

या पद्धतीचा परिणाम खोलीपुरताच राहत नाहीं. चार खाटांचें भाडें जेथें मिळतें, तेथें मध्यम स्थितींतील कुटुंबास तेवढें भाडें देणें जड जातें. तें कुटुंब स्वस्त जागेच्या शोधांत शहराच्या कडेला सरकतें. आतां कडेची जमीन स्वस्त कां असते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. पुष्कळदां तिचें उत्तर असें कीं, ती ओढ्याकांठची तरी असते, नाहीं तर टेंकडीच्या उताराची. मनुष्यानें ती पूर्वीं सोडली होती, कारण ती पाण्याची होती.

पुणें हें टेंकड्यांच्या कुशींत वसलें आहे. या टेंकड्या काळ्या बसाल्ट खडकाच्या. त्यांच्या अंगावर झाडझाडोरा व मुरूम शाबूत असला, म्हणजे पावसाचें पाणी फटींतून मुरतें आणि सावकाश झऱ्यांना व विहिरींना मिळतें. उतार खणून तेथें फरशी व डांबर घातलें, कीं तेंच पाणी घटकाभरांत ओढ्यांत येऊन कोसळतें. अठराव्या शतकांत नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजला तलाव बांधून तेथील पाणी नळानें पेठांतील हौदांत खेळविलें, तें या टेंकड्यांच्याच जोरावर. त्याच कात्रजच्या बाजूनें येणारा आंबिल ओढा शहरांतून मुठेस मिळतो. वर्षांतील बहुतेक महिने तो जवळजवळ कोरडा दिसतो, आणि त्यामुळेंच त्याच्या पात्राविषयीं लोकांची बुद्धि फसते.

पाण्याचा धडा पुण्यास नवा नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें अपुरें धरण फुटलें, त्या लोंढ्यापुढें खडकवासल्याचें जुनें धरणही टिकलें नाहीं, आणि नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. गोखलेनगरासारख्या वसाहतींत पूरग्रस्तांना नव्यानें संसार मांडावे लागले. परंतु २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं कोणतेंही धरण फुटलें नव्हतें. कांहीं तासांच्या पावसानें आंबिल ओढा घरांत शिरला, आणि शहर व परिसरांत वीसांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. जुलै २०२४ मध्यें सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींत पुन्हां पाणी भरलें.

नकाशावर नदीच्या दोन्ही बाजूंस निळी रेषा आंखलेली असते. पंचवीस वर्षांतून सरासरीनें एकदां येणारा पूर जेथवर पोंचतो, ती ही मर्यादा. शंभर वर्षांच्या पुराची रेषा तांबडी. या शब्दांनीं गैरसमज होतो. एकदां पूर येऊन गेला म्हणजे पुढचीं चोवीस वर्षें निर्धास्त, असा त्याचा अर्थ मुळींच नव्हे. दरवर्षीं पंचविसांत एक इतका संभव कायमच असतो. निळ्या रेषेवरील तळमजल्यांत चार वर्षें शिकणाऱ्या मुलाच्या वांट्यास तो पूर येण्याचा संभव शंभरांत पंधरांच्या घरांत जातो. इतका धोका पत्करून कोणी आपल्या मुलास आगगाडींतही बसविणार नाहीं.

यावर उपाय अगदींच अज्ञात नाहींत. १९९७ सालीं शहरांत आलेल्या गांवांतील टेंकड्यांवर सुमारें ९७८ हेक्टर जमीन जैववैविध्य उद्यानासाठीं राखण्याचें ठरलें. तें आरक्षण कागदावरून जमिनीवर उतरलें पाहिजे. ओढ्यांस भिंतींत कोंडण्याऐवजीं पसरावयास कांठ मोकळा ठेविला पाहिजे. तेथील गरिबांस उठवावयाचें, तर त्यांच्या रोजगाराजवळ घर आधीं दिलें पाहिजे. नाहीं तर तीं माणसें दुसऱ्या ओढ्याकांठीं जाऊन वसतील. आणि ज्या संस्थांपाशीं विस्तीर्ण आवारें आहेत, त्यांनीं विद्यार्थिसंख्या वाढवितांना त्याच प्रमाणांत वसतिगृहें वाढविणें अगत्याचें आहे. वसतिगृहांतील एकेक खाट ही पेठेंतील एका कुटुंबाची खोली वांचविते, आणि तें कुटुंब ओढ्याकांठीं जाण्याचें टळतें.

पाणी आपली जुनी वाट विसरत नाहीं. विसरतो तो मनुष्य. जें शहर साऱ्या महाराष्ट्राच्या मुलांस पाठांतर करावयास शिकवितें, त्यानें एवढा एक धडा तरी स्वतः पाठ करावयास हवा.