अकरा फुटांत वर, साडेनऊ फुटांत खाली

२०१८ चा मे महिना. अलास्कातल्या व्हॅल्डीझ गावच्या विमानतळावर, कमीत कमी जागेत उडण्या-उतरण्याच्या स्पर्धेत, डॅन रेनॉल्ड्स यांनी आपले छोटे चिनूक विमान आखलेल्या रेषेवर आणून उभे केले. थ्रॉटल पूर्ण उघडले आणि ११ फुटांत चाकांनी जमीन सोडली. उतरताना रेषा ओलांडून चाके टेकली ती ९ फूट ५ इंचांत थांबली. दोन्ही अंतरे जोडली तरी साडेवीस फूट भरत नाहीत. आपल्याकडची जुनी मारुती ८०० जवळजवळ अकरा फूट लांबीची होती. त्या गाडीला उभे राहायला जेवढी जागा लागे, तेवढ्यात हे विमान उडाले आणि त्याहून कमी जागेत उतरले. (भारतीय हवाई दलाकडे २०१९ पासून असलेल्या दोन रोटरांच्या अजस्र हेलिकॉप्टरशी या चिनूकचे फक्त नाव जुळते. हे कॅनडात जन्मलेले, मागे इंजिन असलेले, कापडी कातडीचे हलके विमान आहे.)

हा विक्रम जगभर चित्रफितींमधून फिरला. पाहणाऱ्यांना तो चमत्कार वाटला, पण व्हॅल्डीझला त्याचे फारसे आश्चर्य नसावे. या गावाचे आणि कमी जागेत विमान उतरवण्याचे नाते त्या वेळी ऐंशी वर्षांहून जुने होते.

अलास्कात विमान ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. आजही तिथल्या पाचपैकी चार वस्त्यांना मुख्य रस्त्यांच्या जाळ्याशी जोडणारी सडक नाही. २१ फेब्रुवारी १९२४ रोजी कार्ल बेन आयलसन यांनी फेअरबँक्सहून मॅकग्रा इथे विमानाने टपाल नेले. कुत्र्यांच्या गाडीला ज्या वाटेवर अडीच-तीन आठवडे लागत, ती त्यांनी तीन तासांच्या आत कापली. डॉक्टर, औषधे, बी-बियाणे, खाणीचे सुटे भाग, शाळेची पुस्तके असे सगळे पुढे विमानातून जाऊ लागले. धावपट्ट्या मात्र नव्हत्याच. नदीतला गोट्यांचा बांध, टेकडीचा माथा, गोठलेले तळे जिथे सापडेल तिथे उतरायचे आणि तिथूनच उडायचे. अशा आडरानातल्या वैमानिकाला बुश पायलट म्हणतात आणि त्याच्या विमानाला बुश प्लेन.

व्हॅल्डीझचे बॉब रीव्ह हे त्यातले मोठे नाव. दक्षिण अमेरिकेत टपालाची विमाने उडवून १९३२ मध्ये ते या गावात आले, तेव्हा खिशात जवळपास काही नव्हते. भोवतालच्या डोंगरांत सोन्याच्या खाणी होत्या आणि त्या हिमनद्यांच्या अंगाला होत्या. तिथे उतरायला विमानाला स्की हव्यात. पण उन्हाळ्यात गावाजवळ बर्फ नाही, मग स्की लावलेले विमान उडणार कुठून? रीव्ह यांनी उत्तर शोधले ते समुद्राच्या चिखलात. ओहोटीला उघडा पडणारा गुळगुळीत चिखल हीच त्यांची धावपट्टी झाली. लाकडी स्कीला चिखल चिकटू नये म्हणून त्यांनी तळाला स्टेनलेस स्टीलचा पत्रा ठोकला. तो पत्रा एका बंद पडलेल्या दारूच्या गुत्त्याच्या काउंटरवरून काढलेला होता.

१९३७ च्या जून महिन्यात ब्रॅडफर्ड वॉशबर्न आणि रॉबर्ट बेट्स या गिर्यारोहकांना त्यांनी कॅनडातल्या वॉल्श हिमनदीवर, सुमारे साडेआठ हजार फूट उंचीवर उतरवले. हिमनदीवर अवेळी ऊब आली होती, बर्फाचा चिखल झाला होता आणि विमान त्यात रुतले. काही दिवस अडकून पडल्यावर रीव्ह यांनी विमानातले शक्य तेवढे वजन काढून टाकले आणि कसेबसे उड्डाण केले. पुन्हा तिथे उतरणे शक्य नव्हते. त्या दोघांनी माउंट लुकेनिया प्रथमच सर केले आणि मग शंभराहून अधिक मैल चालत ते माणसांत परतले. वजन काढा, वाऱ्याकडे तोंड करा, मिळेल तेवढ्या जागेत उचला: आजच्या स्पर्धेचे हे सगळे धडे त्या उड्डाणात होते. चूक झाली असती तर नुसता क्रमांक गेला नसता, जीव गेला असता.

त्याच्या काही वर्षे आधी, आणि कितीतरी दूर, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर, याच कसबाची एक रीतसर स्पर्धा होऊन गेली होती. १९२७ मध्ये डॅनियल गुगेनहाइम निधीने सुरक्षित विमानासाठी एक लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले. अटी कडक होत्या. ताशी ३५ मैल इतक्या मंद वेगातही विमान सरळ उडत राहिले पाहिजे आणि जमिनीला टेकल्यावर १०० फुटांत थांबले पाहिजे. १९२९ मध्ये मिचेल फील्डवर चाचण्या झाल्या आणि बक्षीस कर्टिस कंपनीच्या टॅनेजर विमानाला मिळाले. अखेरच्या झुंजीत ब्रिटनच्या हॅन्डली पेज कंपनीचे विमान होते. गंमत अशी की टॅनेजरच्या पंखांवर बसवलेली युक्ती मुळात हॅन्डली पेजचीच होती, त्यावरून दोघांत कोर्टकचेरी झाली.

ती युक्ती म्हणजे स्लॅट. पंखाच्या पुढच्या कडेला बसवलेली ही अरुंद पट्टी. विमानाचे नाक वर होत गेले की पंखावरून वाहणारी हवा एका क्षणी पृष्ठभाग सोडते आणि उचल तुटते. साध्या पंखाच्या बाबतीत हे पंधरा-सोळा अंशांच्या आसपास घडते. स्लॅट पुढे सरकली की तिच्या फटीतून जोरदार हवा पंखाच्या पाठीवर येते आणि प्रवाहाला धरून ठेवते. नाक आणखी वर करता येते, वेग आणखी उतरवता येतो. व्हॅल्डीझला उतरणाऱ्या अनेक विमानांच्या पंखांवर आज हीच पट्टी दिसते. मागच्या कडेला मोठे फ्लॅप, पाठीवर हवा घुसळणाऱ्या बोटभर उंचीच्या पट्ट्या, खाली फुग्यासारखी मऊ, गुडघ्यापर्यंत येणारी टुंड्रा चाके आणि धक्का पिणारे लांब पाय, अशी बाकीची सामग्री असते.

या सगळ्या खटाटोपाच्या मध्यभागी बहुतेक वेळा एकच जुने विमान असते, पायपर सुपर कब. १९४९ मध्ये ते बाजारात आले. पुढे मागे बसणारी दोन माणसे, कापडी अंग, शेपटीखाली छोटे चाक. कंपनीच्या पुस्तकात १५० अश्वशक्तीच्या कबला उड्डाणासाठी सुमारे २०० फूट आणि उतरायला ३५० फूट धाव दिलेली आहे. हे आकडे ध्यानात ठेवले म्हणजे साडेवीस फुटांचे मोल कळते.

या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत व्हॅल्डीझचा मे महिन्यातला मेळावा आकाराला आला. हिवाळा संपलेला असतो, मासेमारीचा आणि शिकारीचा हंगाम अजून लागायचा असतो, वैमानिक मोकळे असतात. नियम शाळकरी मुलालाही कळावेत इतके सोपे. रेषेवर चाके ठेवून निघायचे. मुख्य चाके जिथे जमीन सोडतील तिथपर्यंतचे अंतर मोजायचे. उतरताना रेषेच्या पलीकडे टेकायचे. चाके जिथे थांबतील तिथपर्यंत टेप लावायचा. रेषेच्या बोटभर अलीकडे चाक टेकले तरी ती फेरी बाद. दोन्ही अंतरांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो जिंकला.

सोपेपणा इथेच संपतो. कारण रेषेच्या पुढे लांब टेकलात तर फूट वाया जातात, अलीकडे टेकलात तर सगळेच जाते. त्या बिंदूवर पोचायचे ते उचल तुटण्याच्या अगदी काठावरून. इतक्या मंद वेगात विमानाचे वागणे उलटे होते: आणखी हळू जायला जास्त ताकद लागते. नाक वेग ठरवते आणि थ्रॉटल उंची ठरवते. म्हणून चांगला वैमानिक नाक उंच, इंजिन गुरगुरते, अशा अवस्थेत रेषेवर येतो आणि ती पार होताक्षणी ताकद काढून घेतो. विमान उतरत नाही, खाली बसते. त्याच क्षणी ब्रेक दाबायचा, पण इतकाही नाही की विमान नाकावर उलटेल. व्हॅल्डीझला प्रोपेलर जमिनीत घातलेली विमाने प्रेक्षकांनी पाहिली आहेत.

पहिल्या वर्षांत आलेली विमाने बहुतांशी कामाची होती. शनिवारी स्पर्धा, सोमवारी पुन्हा लाकडे, मासे, पाहुणे वाहायचे. पुढे स्पर्धेसाठीच बांधलेली यंत्रे आली. पामर गावच्या फ्रँक नॅप यांचे ‘लिल कब’ हे त्यातले गाजलेले. कबच्या अंगातून गरजेपुरते ठेवून बाकी सगळे काढायचे, पंख आणि शेपटी नव्याने घडवायची, ही रीत अशा यंत्रांनी रूढ केली. रेनॉल्ड्स यांचे चिनूक तर मुळातच पिसासारखे हलके. त्यामुळे गटांना महत्त्व आले. सेसना १७० सारखी हलकी प्रवासी विमाने वेगळी, सेसना १८० आणि १८५ सारखी जड वेगळी, परवानाधारक बुश विमाने वेगळी आणि घरी बांधलेली वेगळी. ही विभागणी हा आयोजकांचा सर्वांत शहाणा निर्णय होता. तो झाला नसता तर जड सेसना १८५ मधून खरोखर माल वाहणाऱ्या माणसाने या रेषेवर यायचेच सोडले असते.

मग हा खेळ दक्षिणेला उतरला. नेवाडाच्या कोरड्या तळ्यावर केविन क्विन यांच्या मेळाव्यात दोन विमाने शेजारीशेजारी उडवून शर्यत लावण्याचा प्रकार सुरू झाला: २,००० फूट जायचे, उतरून थांबायचे, वळायचे आणि परत यायचे. २०१९ मध्ये तो रीनोच्या प्रसिद्ध हवाई शर्यतींत पोचला. त्या शर्यतींनंतर, १६ सप्टेंबरला, माइक पेटी यांचे ‘ड्रॅको’ कोसळले. पोलंडच्या विल्गा विमानात टर्बोप्रॉप इंजिन बसवून त्यांनी ते घडवले होते आणि या जगातले ते सर्वांत लाडके यंत्र होते. आडव्या, झोंबऱ्या वाऱ्यात घरी निघताना ते जमिनीवर आदळले. आतल्या कुणाला इजा झाली नाही. पेटी यांनी त्याच दिवशी कॅमेऱ्यासमोर येऊन सांगितले की निघण्याचा निर्णयच चुकला, दोष यंत्राचा नाही. नव्या वैमानिकांसाठी ती चित्रफीत कोणत्याही विजयाच्या चित्रफितीपेक्षा जास्त उपयोगाची आहे.

२० मे २०२२ रोजी नेब्रास्कातल्या वेन इथे मात्र जीव गेला. स्पर्धेच्या कार्यक्रमात लँडिंगसाठी येत असताना एका सेसना १४० ची उचल तुटली आणि ते खाली आले. तेवढ्या उंचीवर सावरायला जागाच नसते. रेषेवरच्या दोन फुटांची चर्चा सगळे करतात. धोका असतो तो रेषेच्या आधी, वळणावर, दुसऱ्या मंद विमानामागे वेग घटवताना.

या साऱ्या वर्षांचे कसब जगाला सर्वांत स्पष्ट दिसले ते अलास्कात नव्हे, दुबईत. १४ मार्च २०२३ रोजी पोलंडचे लूक चेपिएला यांनी बुर्ज अल अरब हॉटेलच्या २१२ मीटर उंचीवरच्या, २७ मीटर व्यासाच्या हेलिपॅडवर कब जातीचे विमान उतरवले. हलके करून घेतलेल्या त्या विमानामागे पेटी यांचेही हात होते. चेपिएला एरवी प्रवासी विमानाचे कॅप्टन. आधी त्यांनी जमिनीवर आखलेल्या वर्तुळात शेकडो वेळा सराव केला होता. तिथे हेलिपॅडच्या कडेला कठडा नव्हता आणि इमारतीमुळे वारा घुसळलेला होता. थांबल्यावर त्यांनी विमान हाताने मागे ढकलले आणि त्याच चकतीवरून पुन्हा उड्डाण केले.

भारतालाही या कसबाची ओळख आहे. पूर्वीच्या नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, सीमेवरच्या चौक्यांना रसद पोचवायला हवाई दलाने कॅनडाची ऑटर विमाने वापरली. ४१ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनने ते नाव आजही जपले आहे. दऱ्यांतल्या अपुऱ्या पट्ट्यांवर उतरणाऱ्या त्या वैमानिकांची अंतरे कुणी टेपने मोजली नाहीत.

व्हॅल्डीझच्या साडेवीस फुटांकडे पाहताना एक हिशेब मात्र जरूर करावा. समजा एखादे विमान हवेच्या ताशी ३५ मैल वेगाला उडते. समोरून २० मैलांचा वारा असेल तर जमिनीवर त्याला फक्त १५ मैलांचा वेग गाठायचा असतो, आणि धाव वेगाच्या वर्गाने घटते, म्हणून अंतर साधारण पाचव्या हिश्शावर येते. एकाच दिवशी, एकाच वाऱ्यात उडालेल्यांची तुलना न्याय्य ठरते. दोन वेगळ्या वर्षांच्या विक्रमांची तुलना वाऱ्याचा आकडा शेजारी असल्याशिवाय अपुरी राहते, आणि तो प्रत्येक निकालासोबत छापला गेला पाहिजे. तोवर अशी चित्रफीत समोर आली की वाचकांनी आधी कोपऱ्यातल्या वारादर्शक पिशवीकडे पाहावे, ती किती ताठ उभी आहे ते बघावे, आणि मग चाकांकडे वळावे.