वारस पोटात, महसूल राजाच्या ताब्यात

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये अज्ञान वारसांच्या पालकत्वाची खरेदी-विक्री कशी चाले, ते आज सांगायचं ठरलं होतं. पण मागच्या लेखावर एका वकील वाचकांचं पत्र आलं आणि त्यातल्या प्रश्नाने मला असं पकडून ठेवलं की तो विषय एक आठवडा पुढे ढकलतो आहे. ते विचारतात : थोरला मुलगा सगळं घेतो, मूल नसेल आणि भाऊही नसेल तर बहिणी सारखं वाटून घेतात, हे समजलं. पण मेलेल्याची बायको गरोदर असेल, तर मूल जन्मेपर्यंत सारा कोण वसूल करतो?

जमीन थेट राजाकडून मिळालेली असेल, तर राजा. मूल जन्माला येईपर्यंत वाटणी थांबते. मुलगा झाला तर सगळं त्याचं आणि बहिणींच्या हाती काहीच नाही. हा नियम वाचायला सरळ वाटतो. त्याची खरी ताकद क्लेअर घराण्याच्या बाबतीत दिसली.

२४ जून १३१४ रोजी बॅनकबर्नच्या लढाईत ग्लॉस्टरचा अर्ल गिल्बर्ट द क्लेअर मारला गेला, वयाच्या तेविसाव्या वर्षी. सफकमधलं क्लेअर, केंटमधलं टनब्रिज, वेल्समधलं ग्लॅमॉर्गन आणि आयर्लंडमधलं किल्केनी, एवढा त्याचा पसारा होता. वार्षिक उत्पन्न सुमारे ६,००० पौंड. त्या काळी वर्षाला ४० पौंडांची जमीन असलेल्या माणसाने नाइट व्हावं, अशी राजाची अपेक्षा असे. त्यावरून या रकमेचं वजन लक्षात येईल.

गिल्बर्टच्या मागे मूल नव्हतं. एलिनॉर, मार्गारेट आणि एलिझाबेथ या तीन सख्ख्या बहिणी होत्या. पद्धतीप्रमाणे राजाचे अधिकारी गावोगावी गेले, पंच बसवले आणि शेतं, कुरणं, गिरण्या, खंड, न्यायालयातले दंड यांची शपथेवर मोजदाद झाली. विधवेला हयातीपुरता एक तृतीयांश भाग तोडून द्यायचा आणि उरलेल्याचे तीन सारखे वाटे करायचे, एवढंच काम बाकी होतं. तेव्हा गिल्बर्टची विधवा मॉड हिने सांगितलं की आपण गरोदर आहोत.

१३१५ उजाडलं, सरलं. मूल झालं नाही आणि मॉडने दावाही सोडला नाही. एलिनॉरचा नवरा ह्यू डिस्पेन्सर इतका अस्वस्थ झाला की त्याने त्या वर्षी टनब्रिजचा किल्लाच बळकावला. तो परत द्यावा लागला. मग त्याने राजाच्या मंडळापुढे दाद मागितली. त्याला जे उत्तर मिळालं, ते वाचक वकील असोत वा नसोत, सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. अशा वेळी विधवेची जाणत्या स्त्रियांकडून तपासणी करवण्याचा हुकूम कायद्यात उपलब्ध होता. तो तुम्ही वेळेवर मागितला नाहीत, तेव्हा विलंबाचं नुकसान तुम्हीच सोसा, असं त्याला सुनावण्यात आलं.

कायद्याचं हे उत्तर चोख आहे. पण वाटणी एवढी का लांबली, ते मला त्यातून कळत नाही. ते बहिणींच्या लग्नांतून कळतं. गिल्बर्ट पडला तेव्हा मार्गारेट विधवा होती. तिचा नवरा पिअर्स गॅव्हस्टन १३१२ मध्ये मारला गेला होता. एलिझाबेथही विधवा होती. या दोघींशी जो लग्न करील, त्याच्या हाती एकेक वाटा जाणार होता. १३१७ च्या वसंतात राजा दुसरा एडवर्ड याने मार्गारेटचं लग्न ह्यू ऑडलीशी आणि एलिझाबेथचं रॉजर डॅमरीशी लावून दिलं. दोघेही त्याच्या खास मर्जीतले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वाटणी झाली! एलिनॉरकडे ग्लॅमॉर्गन गेलं, मार्गारेटकडे न्यूपोर्ट आणि टनब्रिज, एलिझाबेथकडे अस्क आणि क्लेअर.

या मधल्या वर्षांत रयतेचं काय झालं, हे या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं पान. ग्लॅमॉर्गन राजाच्या ताब्यात होतं आणि तिथे राजाने नेमलेले कारभारी वसुली करत होते. १३१५ पासून पावसाने पिकं कुजली, उत्तर युरोपभर दुष्काळ पडला. नवा कारभारी पेन द टर्बरव्हिल याने जुने वेल्श अंमलदार काढून टाकले आणि वसुलीत दयामाया दाखवली नाही. लेवेलिन ब्रेन हा तिथला वजनदार वेल्श सरदार राजाकडे गाऱ्हाणं घेऊन गेला, तर त्याच्यावरच राजद्रोहाचा आरोप आला. जानेवारी १३१६ मध्ये त्याने केअरफिली किल्ल्यावर हल्ला केला. मार्चमध्ये आपल्या माणसांचे जीव वाचावेत म्हणून तो शरण आला. पुढे ग्लॅमॉर्गन डिस्पेन्सरच्या हाती आल्यावर १३१८ मध्ये त्याने लेवेलिनला कार्डिफमध्ये ठार मारवलं.

मॉड १३२० मध्ये वारली आणि तिचा तृतीयांशही तिघींत वाटला गेला. एलिझाबेथ मात्र १३६० पर्यंत जगली. तिच्या वाट्याच्या उत्पन्नाच्या आधारावर केंब्रिजचं क्लेअर कॉलेज उभं राहिलं.

तेव्हा पत्रलेखक वकिलांना माझं उत्तर असं : वारस ठरेपर्यंत सारा राजा घेई, म्हणून वारस लवकर ठरवण्याची राजाला कधीच निकड नसे. पालकत्वाच्या व्यवहारामागेही हेच गणित आहे. ते पुढच्या आठवड्यात.